नकाशात नदी आहे, मग पाणी कुठे गेलं?

प्रश्न : अर्जेंटिना आणि पॅराग्वेची बॉर्डर पिल्कोमायो नदीवरून जाते असं मुलीच्या ॲटलासमध्ये आहे, पण मोबाइलवर सॅटेलाइट मॅप झूम केला तर नदी मधेच गायब होते. ॲटलास चुकलाय का?

उत्तर : नाही हो, ॲटलास ठीक आहे आणि तुम्हाला दिसलं तेही खरंच आहे. पिल्कोमायो बोलिव्हियात अँडीजमध्ये उगम पावते, येताना डोंगर धुऊन वर्षाला दहा कोटी टनांच्या वर गाळ आणते, आणि व्हिलामोन्तेसपाशी डोंगर संपला की समोर ग्रान चाकोचं सपाट मैदान, उतार जवळपास नाहीच, मग पाण्याचा जोर गेला की गाळ तिथेच बसणार ना! पात्र बुजतं, पुढच्या पुराचं पाणी बुजलेल्या जागेच्या अलीकडेच काठावरून बाहेर पसरतं, मग तिथेही गाळ. असं करत करत गेल्या शंभरेक वर्षांत सलग पात्राचं टोक उगमाच्या दिशेने दोनशे किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय.

बाहेर पडलेलं बरंच पाणी अर्जेंटिनाच्या फोर्मोसा प्रांतात जातं, तिथे बन्यादो ला एस्त्रेया ही भलीमोठी पाणथळ जागा त्यातूनच झालीये. खाली पॅराग्वेची राजधानी आसुन्सिऑनजवळ पॅराग्वे नदीला मिळते तीही पिल्कोमायोच, पण डोंगरातलं पाणी तिच्यापर्यंत सरळ पोचतच नाही.

आता बॉर्डरचं. अर्जेंटिनाचं पॅराग्वेशी युद्ध झाल्यावर हद्दीचा वाद अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हेज यांच्याकडे लवादासाठी गेला, त्यांनी 1878 मध्ये पिल्कोमायोच्या उत्तरेचा भाग पॅराग्वेला दिला (पॅराग्वेत आजही त्यांच्या नावाचा प्रांत आहे, अमेरिकेत त्यांना कोण विचारतं देव जाणे). मधल्या पट्ट्यात धड नदीच नाही, त्यामुळे तिथली हद्द ठरायला 1945 उजाडलं. म्हणजे रेषा पक्की, पाणी मात्र फिरतं.

खरं भांडण पाण्याचंच आहे. 1991 मध्ये दोन्ही देशांनी एकेक कॅनॉल काढून पाणी अर्धं अर्धं घ्यायचं ठरवलं, पँटच्या दोन पायांसारखं, प्रोजेक्टचं नावही पँटच! पण कॅनॉलही गाळाने भरतात, दरवर्षी उपसावे लागतात, आणि ज्याचं तोंड बुजलं तो कोरडा. 2016 मध्ये पॅराग्वेच्या बाजूला पाणी आटलं तेव्हा मगरीच्या जातीचे केमन चिखलात अडकून मेले होते.

मुलीला दाखवायचं असेल तर एकाच जागेचे मार्चचे आणि सप्टेंबरचे सॅटेलाइट फोटो शेजारी ठेवा, तिकडे पावसाळा साधारण डिसेंबर ते मार्च असतो त्यामुळे फरक लगेच दिसेल.