स्पॅनिश व्याकरणाचा सराव: क्रियापदं आधी

सुरुवातीलाच सगळे काळ अंगावर घेऊ नका. पहिले काही आठवडे फक्त वर्तमानकाळ पुरे. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्याची रूपं (मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने) आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. तक्ता नुसता घोकण्यापेक्षा प्रत्येक रूपाचं एक वाक्य करा आणि मोठ्याने म्हणा. कर्ता बहुतेक वेळा गाळतात, कारण प्रत्ययावरूनच तो कळतो. आपल्याला त्याची सवय आहेच.

'गुस्तार'ला (आवडणे) तर अजिबात घाबरू नका. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात, पण आपली रचना थेट जुळते. 'मे गुस्ता एल लिब्रो' म्हणजे मला पुस्तक आवडतं, 'मे गुस्तान लोस लिब्रोस' म्हणजे मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं, अगदी मराठीसारखंच. म्हणून इथे मनातल्या मनातही इंग्रजी आणू नका.

खरी मेहनत 'सेर' आणि 'एस्तार'वर करा. दोन्ही म्हणजे 'असणे'. ओळख, स्वभाव, व्यवसाय याला सेर. सध्याची अवस्था आणि वस्तू कुठे आहे याला एस्तार. रोज दोन्हींची चार-पाच वाक्यं स्वतःबद्दलच लिहा.

लिंग मात्र शब्दासोबतच पाठ करा: एल प्रोब्लेमा (समस्या, पुल्लिंगी), ला मानो (हात, स्त्रीलिंगी). 'ओ' म्हणजे पुल्लिंगी आणि 'आ' म्हणजे स्त्रीलिंगी असं शेवटच्या स्वरावर विसंबलात तर हे दोन्ही चुकतील.