शेतकऱ्यांचे प्रश्न : झटका मशीन लावूनही डुकरं येतात

प्रश्न : झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं यंत्र) बसवलं, तीन तारा ओढल्या. तरी रानडुकरं भुईमूग उकरतातच. मोठं मशीन घ्यावं का? (यवतमाळ जिल्हा)

आधी टेप घ्या आणि खालची तार जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. गवत लागू नये म्हणून पुष्कळ जण ती दीड फुटावर बांधतात. ती 8 ते 10 इंचांवर हवी, दुसरी 18 ते 20 इंचांवर, तिसरी अडीच-तीन फुटांवर. डुक्कर हुंगत, नाक पुढे करून येतं. ओलं नाक तारेला लागलं की झटका पुरा बसतो आणि ते मागे फिरतं. पाठीवरच्या राठ केसांतून तो धड लागत नाही. शिवाय डोकं आत गेल्यावर झटका बसला तर बिचकलेलं जनावर पुढेच पळतं, म्हणजे थेट भुईमुगात.

ओघळ, नाला, धुऱ्यावरचा (बांधावरचा) खड्डा अशा जागी तार सरळ जाते आणि खाली हातभर फट राहते. तिथे जादा खुंटी ठोकून तार खाली ओढा. डुकराला नेमकी तीच जागा सापडते.

मग अर्थिंग, म्हणजे मशीनची जमिनीशी जोडणी, बघा. एका सळईवर भागवू नका. चार-पाच फुटांच्या तीन सळया, दहा-दहा फुटांवर, शक्यतो ओलीच्या जागी ठोका आणि एकाच तारेने जोडा. माती कोरडी पडली की सळईभोवती पाणी ओतत राहा. शेवटी मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला कुंपणाचा व्होल्टेज दाखवणारा टेस्टर लावा. 4,000 व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर गवत टेकलंय, इन्सुलेटर फुटलाय किंवा बॅटरी उतरलीय. पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचं गवत कापावंच लागतं. याला पर्याय नाही. मशीन बदलायचा विचार हे सगळं झाल्यावर.

प्रश्न : डुकरं पळवायला शेताभोवती साड्या बांधणं, केस टाकणं, उग्र वास करणं यांचा उपयोग होतो का? (अमरावती जिल्हा)

चार-आठ दिवस. मग डुकरं सरावतात. कणसं भरताना, शेंगा पोसताना तेवढे दिवस मिळाले तरी पुष्कळ, पण त्यावर हंगाम सोडू नका.

प्रश्न : शेजाऱ्याकडे परवान्याची बंदूक आहे. आमच्या शेतातलं डुक्कर त्याने मारलं तर चालेल का? (चंद्रपूर जिल्हा)

परवानगीशिवाय नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, शिकारीची परवानगी वेगळी. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी कलम 11 खाली मिळू शकते. अर्ज आपल्या वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात द्यायचा. फासा लावणं, विष घालणं हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असते, मांस वाटून घेता येत नाही.

आमचं मत विचाराल तर एकदोन डुकरं मारून शेत सुटत नाही. माद्या एका वेतात चार-सहा पिल्लं घालतात आणि उरलेला कळप परत येतो. अर्ज जरूर करा, पण नुकसानभरपाईचा अर्ज त्याआधी, घटनेपासून तीन दिवसांच्या आत. फोटो काढा आणि पंचनाम्यापर्यंत उकरलेला पट्टा तसाच ठेवा.

लाइनवरून तारेत थेट करंट मात्र कधीही सोडू नका. झटका मशीन सेकंदाला एकदा, क्षणभरच ठोका देतं; 230 व्होल्टचा प्रवाह धरून ठेवतो. रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस त्यात जातो.