१३९३ मध्ये पॅरिसच्या दरबारातल्या नाचात रानमाणसांचं सोंग घेतलेले लोक जळाले कसे?

वेशामुळेच जळाले. लिननच्या घट्ट कपड्यावर डांबर-राळेचा थर देऊन त्यावर जवसाचे तंतू चिकटवले होते, म्हणजे केसाळ अंग दिसावं. हे मिश्रण काकड्यासारखं पेट घेतं, आणि कपडा अंगावरच शिवलेला असल्याने चटकन काढता येत नाही. त्यातच सहापैकी पाच जण एकमेकांना साखळीने बांधलेले, म्हणून एकाची आग लगेच सगळ्यांना. (धोका ओळखून मशालवाल्यांना भिंतीशी थांबायला सांगितलं होतं, पण मशाली घेऊन उशिरा आलेल्या, राजाच्या भावाला ते ठाऊक नव्हतं.) सहावा नाचणारा खुद्द फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स. तो साखळीबाहेर होता आणि बेरीच्या डचेसने (त्याच्या काकूने) त्याच्यावर आपला झगा टाकला, म्हणून वाचला. दुसरा एक जण साखळी तोडून भांडी धुण्याच्या पाण्याच्या पिंपात शिरला. उरलेले चौघे मेले, काही जण दोन-तीन दिवस तडफडून.

हा तपशील मुख्यतः फ्रुआसार आणि सेंट-देनीचा एक मठवासी या समकालीन बखरकारांचा. मात्र आग नेमकी कशी लागली, मशाल जवळ नेल्याने की फेकल्याने, यावर वृत्तांत जुळत नाहीत.