आवडती रचना रेकॉर्ड केली की तिचा वीट येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: काही वर्षं चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, पण बरंच मोठं, बसून वाजवायचं वाद्य) शिकताय, सगळ्यात लाडक्या रचना नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत, पण तोच तुकडा पन्नास वेळा वाजवून आणि पन्नास वेळा ऐकून तो नकोसा होईल अशी भीती वाटते.

नकोसा होत नाही. पण त्यातलं तुम्हाला नक्की काय आवडत होतं ते उघडं पडतं, आणि पहिले काही दिवस ते सोसत नाही. मी अनेक वर्षं चेलो वाजवते, रेकॉर्डिंगही बरीच केली आहेत. तरी सगळ्यात जड गेलं ते सगळ्यात आवडीचंच, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

जर्मन संगीतकार बाखने एकट्या चेलोसाठी सहा सूट, म्हणजे नृत्यांच्या चालींवर बेतलेल्या छोट्या रचनांच्या माळा, लिहिले. त्यातला पाचवा सी मायनर या स्वरश्रेणीतला, आणि त्यातली साराबांद, म्हणजे एका संथ नृत्याच्या चालीची रचना, माझ्या अगदी जवळची. बाकीच्या पाचही सूटमधल्या साराबांदमध्ये चेलो मधूनमधून दोन-तीन तारा एकत्र वाजवून भरीवपणा आणतो. इथे तसं काहीच नाही. एकच ओळ, एका वेळी एकच स्वर, मोठमोठ्या उड्या आणि खाली काही आधार नाही. तो आधार ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. कागदावर पानभरही न भरणारी ही रचना मी लहानपणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती संपल्यावर बराच वेळ कुणाशी बोलले नव्हते.

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी ती सलग तीनदा वाजवली आणि शेजारच्या खोलीत जाऊन ऐकली. हे मीच वाजवलंय यावर माझा विश्वास बसेना.

एक कारण शरीराचं आहे. चेलो छातीच्या हाडाला टेकलेला असतो, दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलेला असतो. सर्वांत खालचा सी साधारण ६५ हर्ट्झचा. तो कानाला ऐकू येण्याआधी बरगड्यांना कळतो. आपण ज्याला ‘माझा आवाज’ म्हणतो त्यातला मोठा भाग हा स्पर्शच असतो. समोर ठेवलेल्या माइकला त्यातलं काही मिळत नाही. त्याला मिळते फक्त हवा. त्यामुळे मला जे अथांग वाटत होतं ते स्पीकरमधून साधं आणि थोडं कोरडं येत होतं. हे समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. दोन-तीन रेकॉर्डिंगनंतर कान आणि छाती यांची फारकत करायला आपण शिकतो.

दुसरं कारण मात्र खोलवर लागलं. माझ्या प्रत्येक आवडत्या स्वराच्या आधी मी किंचित थांबत होते. फार नाही, मैफलीत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा ऐकता येतं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना तर त्या थांबण्याशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. रेकॉर्डिंगची सूत्रं सांभाळणारे गृहस्थ स्वरलिपी समोर घेऊन बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “पुढे काय येणार आहे ते तुम्ही आधीच सांगून टाकताय.”

त्या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. मी तो स्वर वाजवत नव्हते, त्याची वाट बघत होते. घरातलं कुणी येणार असलं की आपण आधीच दारात जाऊन उभे राहतो, तसं. ऐकणाऱ्याला तर तो स्वर अवचित भेटायला हवा. माझ्या प्रेमापायी मी त्याची ती पहिली भेट हिरावून घेत होते.

दुरुस्ती मनाची नव्हती, गजाची होती. आवडत्या स्वरासाठी मी आधीच्या दोन-तीन स्वरांवर गज वाचवत होते, म्हणजे तो हळू ओढत होते, आणि मग त्या एका स्वरावर सगळा उधळत होते. म्हणून तो फुगायचा आणि आधीचे स्वर उपाशी राहायचे. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने खुणा केल्या: कुठल्या स्वराला गजाचा किती भाग. लक्ष मुद्दाम आधीच्या स्वरावर ठेवलं आणि तो पूर्ण वाजू दिला. लाडका स्वर मग आपोआप येत होता, थोडा लहान, थोडा साधा, आणि ऐकताना कितीतरी अधिक सुंदर. तुम्हाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगेन: लाडक्या जागेच्या आधीच्या जागेवर प्रेम करा.

या सूटची आणखी एक गंमत आहे. बाखने इथे सर्वांत वरची ए तार उतरवून जी करायला सांगितली आहे. स्वरलिपी बोटांच्या जागेप्रमाणे लिहिलेली असते, म्हणून त्या तारेवर डोळे एक स्वर वाचतात आणि कान दुसराच ऐकतात. पुष्कळ वादक तार नेहमीसारखीच ठेवून वाजवतात, आणि त्यात गैर काही नाही. मी उतरवली, कारण सैल तारेमुळे चेलोचा आवाज अंधारतो, आणि या सूटला तो अंधार शोभतो. पण माझी वरची तार आतड्याची आहे. उतरवल्यावर ती स्थिर व्हायला वेळ घेते, दमट हवेत पुन्हा सरकते. दोन टेकमधला (टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) सूर केसभर जरी वेगळा असला तरी ते जोडता येत नाहीत. म्हणून दोन दिवस आधीच तार उतरवून ठेवली होती, तरीही एक अख्खी सकाळ त्यातच गेली.

तुकडे जोडण्याबद्दल लोक कुजबुजत बोलतात. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही, फक्त पाया एका सलग टेकचा असावा. चुकलेली एखादी जागा पुन्हा वाजवायची तर दोन-चार ओळी आधीपासून सुरू करावी लागते, कारण आधीच्या स्वरांची गुंज खोलीत रेंगाळत असते आणि गजावरचं वजनही तिथूनच आलेलं असतं. नुसती ती जागा सुटी वाजवली तर जोड लगेच कळतो, कारण सुराला मागचा-पुढचा काही आधार राहत नाही. माझे श्वासही रेकॉर्ड झाले होते. ते काढून टाकता येतील असं इंजिनिअरने सुचवलं. एक-दोन काढले, बाकीचे राहू दिले. श्वास घेऊन सुरू झालेली ओळ श्वासाशिवाय ऐकली तर ती कुठूनतरी उगवल्यासारखी वाटते.

या सहा सूटच्या रेकॉर्डिंगचा इतिहास तुमच्या भीतीशी जवळून जोडलेला आहे, कारण भीतीपायीच आपण लाडकी रचना पुढे ढकलत राहतो, म्हणून थोडं सांगते. विख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्सला हे सूट बार्सेलोनातल्या एका दुकानात छापील स्वरूपात सापडले ते १८९० मध्ये, तो १३ वर्षांचा असताना. पण सहाही सूट त्याने रेकॉर्ड केले १९३६ ते १९३९ या काळात, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावायची आणि जोडकाम नव्हतंच. एक बाजू म्हणजे एक टेक, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ती रेकॉर्डिंग आज ऐकताना गजाचा खरखराट ऐकू येतो, पण कुठेही तो पुढचं आधी सांगत नाही. रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचनेही सहा सूटचा पूर्ण संच रेकॉर्ड करायला साठी ओलांडू दिली. १९९१ मध्ये फ्रान्समधल्या वेझले इथल्या जुन्या बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, त्याने ते केलं.

उलट इंग्लिश संगीतकार एल्गारच्या चेलो कॉन्चेर्तोचं, म्हणजे चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचं, उदाहरण घ्या. चेलोवादक जॅकलिन दु प्रेने तो १९६५ मध्ये लंडनमध्ये रेकॉर्ड केला तेव्हा ती २० वर्षांची होती. समोर उभे असलेले वाद्यवृंद-संचालक बार्बिरोली १९१९ मध्ये त्याच कॉन्चेर्तोच्या पहिल्या कार्यक्रमात चेलोवादकांच्या रांगेत बसले होते. वय वाढण्याची वाट बघत ती मुळीच थांबली नाही, आणि आजही लोक त्या रेकॉर्डिंगकडे पुन्हापुन्हा वळतात. चेलोवादक यो-यो मा यांनी बाखचे सूट तीनदा रेकॉर्ड केले, तिसरं रेकॉर्डिंग २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. माझा कल याच बाजूला आहे. ‘परिपक्व झाल्यावर करेन’ म्हणून लाडकी रचना राखून ठेवू नका. आज करा, दहा वर्षांनी पुन्हा करा.

आता विटाबद्दल, कारण तुम्ही तेच विचारलंय. टेक निवडताना एका आठवड्यात मी ती साराबांद तीसेक वेळा ऐकली असेल. शेवटी शेवटी मला संगीत ऐकू येईनासं झालं, फक्त सूर, जोड आणि लाकडाचा आवाज. त्यानंतर दीड महिना मी ती वाजवली नाही. मग एका संध्याकाळी सहज गज टेकवला तेव्हा ती जागच्या जागी होती. काहीतरी गेलंय तेही खरं. मध्यावर एक जागा आहे, तिथे मी पूर्वी फार रेंगाळायचे. आता बोटं तिथे थांबत नाहीत. वाजवणं त्यामुळे सुधारलंय यात शंका नाही, तरी त्या रेंगाळण्याची आठवण येते.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर पहिला दिवस लाडक्या रचनेवर घालवू नका. आवडणारी पण जीव न अडकलेली एखादी रचना आधी घ्या. माइक किती लांब ठेवायचा, खोली किती घुमते, चेलोतला गुरगुरणारा ‘वुल्फ’ स्वर कुठे त्रास देतो, ते सगळं त्यावर निपटून जाईल. माझ्या चेलोत तो एफच्या आसपास आहे आणि माइकला तो माझ्या आधी सापडला.

आणि लाडक्या रचनेचा अगदी पहिला टेक, कितीही चुकलेला असला तरी, पुसू नका. माझा मी जपून ठेवलाय. त्यात प्रत्येक आवडत्या स्वराच्या आधी मी थांबलेय. तो कुणाला ऐकवत नाही, पण वर्षातून एकदा दार लावून ऐकते.