बदल अंगी लावायचा असेल तर

आपण कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात) नुकतेच व्यवस्थापक म्हणून रुजू झाला आहात आणि पहिल्याच महिन्यात वितळणाच्या नोंदी वहीतून संगणकावर नेण्याचा आपला मानस आहे, म्हणून हे लिहीत आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी १९४७ साली बदलाचे तीन टप्पे मांडले: जुनी घडी सैल करणे, बदल करणे आणि नवी घडी बसवणे. आपल्याकडे बहुतेकांची घाई मधल्या टप्प्याची असते. मीही एका कारखान्यात तीच चूक केली. सूचनाफलकावर परिपत्रक लावले, आणि पुढे कित्येक महिने रात्रपाळीचे लोक जुनी वही गुपचूप भरत राहिले, कारण बिघडलेल्या ओतकामाचा दोष कोणावर येणार हे मी त्यांना सांगितलेच नव्हते.

आपल्या कोल्हापुरातच याहून मोठे उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांतील रिक्त होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या; परंतु ते केवळ हुकमावर थांबले नाहीत, तर निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून झटले आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. हुकूम पेलणारी माणसे घडवणे हेच खरे काम असते. (आणि ते कंटाळवाणे असते, हेही मान्य करू.)

तेव्हा प्रथम भट्टीवरील सर्वांत जुन्या मुकादमांना विश्वासात घ्या, एकाच पाळीत प्रयोग करा, आणि वही बंद करण्याची तारीख त्यांनाच ठरवू द्या.