कडेची रोपं सुकतात, मधली कुजतात

प्रश्न : ताई, टोमॅटो आणि मिरचीची रोपं खाचांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) केली आहेत, शिवाय खिडकीत काही कुंड्या आहेत. रोज सकाळी सगळ्यांना मोजून सारखंच पाणी घालते. तरी ट्रेच्या कडेची रोपं माना टाकतात आणि मधली काही बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडतात. त्यात आता आठवडाभर बाहेरगावी जायचं आहे. काय करू?

उत्तर : पाणी तुम्ही सारखं घालता, पण ते सारखं उडत नाही. कडेच्या खाचांना ऊन-वारा जास्त लागतो, म्हणून त्या लवकर कोरड्या पडतात. मधल्या दाटीत ओल तशीच राहते, बुरशी वाढते आणि कोवळी रोपं कोलमडतात. आडवं पडलेलं रोप परत उभं राहणार नाही. जीव तुटतो, पण ते कोकोपीटसकट काढून टाका, शेजारची वाचतील.

झारी सध्या बाजूलाच ठेवा. ट्रे परातीत ठेवा आणि परातीत बोटाच्या पेरभर पाणी ओता. दिव्याची वात तेल ओढते तसं कोकोपीट तळाच्या भोकांतून पाणी वर ओढतं. कोरड्या खाचा जास्त पितात, ओल्या कमी. २० ते ३० मिनिटांत वरचा थर गडद दिसू लागला की ट्रे उचला आणि उरलेलं पाणी फेकून द्या. हे टाळू नकाच, पाण्यात उभ्या मुळांना हवा मिळत नाही.

कोकोपीट एकदा पार वाळलं की वरून घातलेलं पाणी पटकन आत मुरत नाही. ते कुंडीच्या कडेने खाली निसटतं, बशीत पाणी दिसतं आणि आपल्याला वाटतं, भिजलं! आत मूळ कोरडंच. अशी कुंडीही पाण्यात बसवा. महिन्यातून एकदा मात्र वरून भरपूर पाणी घाला, म्हणजे वर साठलेले क्षार धुऊन जातील.

वेळ ठरवून पाणी घालणं सोडा. नुकती भिजलेली कुंडी उचलून बघा, ते वजन हाताच्या लक्षात राहतं. हलकी लागली की पाणी द्या. उचलता न येणाऱ्या जड कुंडीत दोन पेरं बोट खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. आणि दुपारी पानं लोंबली म्हणून धावू नका, माती ओली असेल तर ती संध्याकाळी सावरतात. सकाळीही लोंबलेलीच आणि माती ओली, तर बहुधा मुळं कुजू लागली आहेत. तिथे आणखी पाणी म्हणजे घात.

बाहेरगावी जाताना कुंड्यांना नायलॉनच्या दोरीची वात लावा, सुती दोरी ओल्या मातीत कुजते. दोरी आधी भिजवा, एक टोक मातीत खोल खोचा, दुसरं बादलीच्या तळाशी सोडा. बादलीतलं पाणी कुंडीतल्या मातीपेक्षा उंच नको, नाहीतर ते न थांबता उतरत राहील. ट्रेखाली ओला जुना टॉवेल अंथरा आणि त्याचं टोक पाण्यात सोडा. सगळं कडक उन्हातून हलवा, पण उजेड हवा. हा बेत निघण्याच्या दोन दिवस आधीच लावून बघा. मोठ्या पानांच्या झाडाला एक दोरी पुरत नाही, हे तेव्हाच कळेल.