दुसरी कॅसेट

प्रश्न: लहानपणी जीव की प्राण असलेला एखादा गाण्यांचा कौटुंबिक चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहिलात का? निराशा झाली का?

पाहिला. 'द साउंड ऑफ म्युझिक', १९६५चा. निराशा नाही झाली. उलट, आपण तो कधी पुरता पाहिलाच नव्हता हे कळलं.

आमच्याकडे तो दोन व्हिडिओ कॅसेटमध्ये होता, जवळजवळ तीन तासांचा आहे ना. पहिली कॅसेट इतक्यांदा लावली की चित्र थरथरायचं. दुसरी शेवटपर्यंत नवीकोरी. गोष्ट ऑस्ट्रियातली: नौदलातून निवृत्त झालेल्या विधुर कॅप्टनच्या सात मुलांना सांभाळायला मारिया येते. पहिलीच्या शेवटी ती मुलांना न सांगता घर सोडून जाते. तिथे आम्ही लगेच रिवाइंड करायचो, की बाई पुन्हा डोंगरावर गिरक्या घ्यायला हजर! दुसरीत "सगळी तीच गाणी परत आहेत" हा ताईचा निकाल. तो मी कधी तपासला नाही.

परवा सलग बसून पाहिला. ताईचं खोटं नव्हतं. दुसऱ्या भागात नवी गाणी माझ्या मोजणीत दोनच. बाकी जुनीच फिरून येतात. पण येताना काय होऊन येतात!

'सो लाँग, फेअरवेल' बघा. पहिल्यांदा ते मेजवानीत येतं: मुलं पाहुण्यांचा निरोप घेत एकेक करून झोपायला जातात. गोड, जरासं आगाऊ गाणं. दुसऱ्यांदा तेच साल्झबर्गच्या संगीत महोत्सवात. ऑस्ट्रिया नाझींनी गिळलेला, कॅप्टनला जर्मन नौदलात घेऊन जायला माणसं थांबलेली. मुलं तेच शब्द म्हणत मंचावरून हळूहळू निघून जातात, आणि ती खरंच निघालेली असतात. मग बक्षिसं जाहीर होतात. तिसऱ्या बक्षिसाची बाई पुन्हा पुन्हा वाकून अभिवादन करते, हटतच नाही. हसू येतं आणि मनात म्हणत राहतो, वाक गं बाई, अजून वाक, तेवढाच त्यांना वेळ.

'एडलवाइस'चंही तेच. आधी घरात, गिटारवर, मुलांसमोर. नंतर भर सभागृहात, आणि मध्येच कॅप्टनचा गळा दाटतो. मारिया आणि मुलं सूर उचलून धरतात. मी चांगलीच रडले. डोळे पुसून झाल्यावर वाचलं की तो आवाज कॅप्टन झालेल्या ख्रिस्तोफर प्लमरचा नाहीच, बिल ली नावाच्या गायकाचा आहे. गाणंही ऑस्ट्रियाचं लोकगीत नव्हे, जे मी इतकी वर्षं समजत होते. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकन जोडीने ते चित्रपटाच्या मूळ संगीतिकेसाठी, म्हणजे गाण्यांच्या नाटकासाठी, रचलं, आणि हॅमरस्टाइनच्या हातून उतरलेलं ते शेवटचं गीत. १९६० मध्ये ते गेले. चित्रपट त्यांनी पाहिलाच नाही.

खटकलं ते 'सिक्स्टीन गोइंग ऑन सेव्हन्टीन', सोळा-सतराच्या वयाचं गाणं. लहानपणी पावसातलं ते काचेचं घर आणि कॅप्टनची थोरली लेक लीझल हिचा झगा एवढंच दिसायचं. आता शब्द ऐकू आले: तुला जगातलं काही कळत नाही, मी मोठा आहे, मी सांभाळीन. हे सांगणारा तिचा प्रियकर रोल्फ स्वतः सतरा वर्षांचा पोरगा, आणि पुढे हाच नाझी गणवेश घालून तिच्या बापावर पिस्तूल रोखतो. मूळ संगीतिकेत तो शेवटी त्यांना पाहूनही पकडून देत नाही. चित्रपटात मात्र ओरडून साथीदारांना बोलावतो. मला चित्रपटातलाच पटला.

गोष्ट एका खऱ्या कुटुंबावर बेतलेली आहे, म्हणून खरं-खोटं पाहणाऱ्यांसाठी एवढंच: खऱ्या मारियाचं कॅप्टनशी लग्न नाझी येण्याच्या खूप आधी, १९२७ मध्येच झालं होतं, आणि ते कुटुंब डोंगर ओलांडून नव्हे, आगगाडीने इटलीला गेलं. साल्झबर्गहून डोंगर चढून गेले असते तर जर्मनीतच उतरले असते! नकाशा पाहून हसले, पण शेवटच्या दृश्याने छाती भरून यायची ती आलीच.

सगळ्यात जास्त लागलं ते भलतंच. मारिया गेल्यावर मुलं घराबाहेर बसून तिचं आवडत्या गोष्टींचं गाणं म्हणायला बघतात. वादळाच्या रात्री तिनेच शिकवलेलं, मन हलकं व्हावं म्हणून. गाणं मरगळलेलं, बरं कुणालाच वाटत नाही. आणि मग लांबून आणखी एक आवाज त्यात मिसळतो. ती परत आलेली असते. म्हणजे आम्ही इतक्यांदा रिवाइंड करून तिला परत आणत होतो, आणि दुसरी कॅसेट लावली असती तर थोड्याच वेळात ती आपली आपण आली असती.

ताईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पण पुढे स्मशानात लपलेल्या त्यांना नाझी टॉर्च घेऊन शोधतात ना, ते एकदा पाहिलंस आणि आठवडाभर माझ्या अंथरुणात झोपलीस. म्हणून मग दुसरी लावलीच नाही."